खाडीवरची एक रात्र, बारा मिनिटं पंचवीस सेकंदांत

५ जानेवारी २०२५, रविवार

गेल्या वर्षी सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या वाद्यावर, संगीताचे चार तुकडे केले. चारही बरे होते, म्हणजे पोळ्या लाटताना मागे लावून ठेवावेत इतपत. पण यात घडतं काय, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. या वेळी आधी गोष्ट आणि मग आवाज.

गोष्ट आजीची, घरात सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, पौष महिना, आजी नुकतीच लग्न होऊन आलेली. आजोबा तिन्हीसांजेला एकटेच होडी घेऊन खाडीत गेले. ओहोटीला होडी चिखलात रुतली आणि वर धुकं पडलं. तो चिखल माणसाला कमरेपर्यंत गिळतो, उतरून चालत यायचा प्रश्नच नाही. पाणी परत येईपर्यंत बसून राहिले. पाणी आलं, होडी उचलली, पण दिशा कळेना. चहूकडे तिवरं, आणि अंधारात सगळी तिवरं सारखीच. मग पुलावरून पहाटेची पहिली लोकल गेली. त्या धडधडीवरून कळवा कुठे, ठाणं कुठे ते कळलं. काठावर आजी परात बडवत उभी होती. शेवटचा पल्ला त्या आवाजावर.

ही गोष्ट मुळातच कानाची आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एकच बंधन घालून घेते: शब्द नाहीत. आजीचा आवाज वापरायचा मोह होणार, तो टाळायचा.

७ जानेवारी

आजीला विचारलं, तिथी कुठली होती? म्हणाली, “अष्टमी-नवमी असंल. पाणी भांगाचं होतं, म्हणून तर रुतला.”

भांग म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासची, कमी चढउताराची भरती-ओहोटी. नवमी धरली की पुढचं सगळं आपोआप सुटतं. कोळीवाड्यातलं जुनं गणित: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. नऊची पाऊणपट पावणेसात. संध्याकाळी पावणेसातला पूर्ण भरती, पाण्याबरोबर आजोबा बाहेर. एकच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पुढची भरती सकाळी सात-दहाला, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात.

तर तुकड्याची लांबी १२ मिनिटं २५ सेकंद. खाडीतलं एक मिनिट म्हणजे माझा एक सेकंद. होडी तळाला ६:१२ वर. पहिली लोकल चारच्या सुमारास म्हणते आजी, म्हणजे ९:१५ वर. अशी आखीव पट्टी हातात आली की मला काम सुचतं. नाहीतर मी रात्रभर सिंथच्या बटणांशी खेळत बसते.

९ जानेवारी

पाण्याची चढउतार एका एलएफओवर टाकावी म्हटलं, म्हणजे आवाज ठरावीक वेगाने वर-खाली करत राहणाऱ्या सिंथच्या भागावर. ७४५ सेकंदांचं एक आवर्तन, म्हणजे ०.००१३ हर्ट्झ. माझ्या सिंथचा एलएफओ ०.०१ च्या खाली उतरतच नाही. हाताने ऑटोमेशन काढलं, म्हणजे क्षणाक्षणाचा बदल रेघेने आखला.

बरंच झालं. पाणी तसंही एका वेगाने चढत-उतरत नाही. दर्यावर्दी लोकांचा बाराव्या हिश्शाचा नियम आहे: सहा तासांत पहिल्या तासाला एक हिस्सा, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. कडांना सुस्त, मध्ये जोरात. फिल्टरची, म्हणजे वरचे स्वर कापणाऱ्या चाळणीची, रेघ तशीच काढली. पहिल्यांदा ती पार वरून पार खालपर्यंत नेली होती, ऐकायला झकास. मग आठवलं, भांगाचं पाणी! उधाणाची भरती नाहीच ही. रेघ निम्म्याहून कमी केली. झकासपणा गेला, वेळ मात्र जाणवायला लागली.

१२ जानेवारी, रविवार

काठावर रेकॉर्डिंग. आज चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणून ओहोटी पाचच्या आसपास. ठाण्यापर्यंत पाणी यायला-जायला थोडा उशीर होतो, साडेपाच धरली. बरोबर निघाली.

ओहोटीला चिखल बोलतो. दहा मिनिटं हालचाल न करता बसलं की ऐकू येतं: बुडबुडे फुटतात, निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळात सरकतात. सगळं मिळून गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी बारीक चटचट. ९६ किलोहर्ट्झवर घेतलं, सेकंदाला ९६ हजार नमुने, म्हणजे पुढे चौपट संथ केलं तरी धार राहते. चौपट संथ म्हणजे आवाज दोन सप्तकं खाली. तेव्हा ती चटचट उरत नाही, कुणीतरी जड पावलं उचलून ठेवतंय असं वाटतं. रुतणं हेच.

वाऱ्याने पहिली वीस मिनिटं वाया गेली. मायक्रोफोनला घालायची केसाळ टोपी महाग आहे. आईची लोकरीची कानटोपी घातली, चालली. एक काका विचारून गेले, “सर्व्हे आहे का?”

१४ जानेवारी

पाण्याखालचं ऐकायचंही वेड डोक्यात आहे. पिझोची चकती (थरथरीची वीज करणारी), तिला वायर जोडून वरून मेणबत्तीचं मेण. बादलीत चाचणी: आवाज पत्र्यासारखा, खालचं काही नाही. चकतीला फार मोठा रोध असलेलं इनपुट लागतं. साध्या माइकच्या भोकात खोचली की सगळा खर्ज गळून जातो. गिटारच्या इनपुटला लावली तर लगेच अंग आलं. पण तो इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात घेणारा डबा, घेऊन चिखलाकाठी कोण बसणार? हा नाद सोडला. तीळगूळ.

१९ जानेवारी

सूर. तिन्हीसांजेला निघालेला माणूस, परतीची खात्री नाही. मारवा सोडून दुसरं काही डोक्यात येईना. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, आणि षड्जावर टेकायचं तर टेकू द्यायचं नाही. अधांतरी ठेवायला याहून चांगला राग नाही.

मग वाटलं, होडी पाण्यावर आहे, पायाखाली जमीन नाही, तर सा ठेवायचाच कशाला? तानपुऱ्यासारखा जो खालचा सूर लावला होता तो काढून टाकला. उरलेल्या पाच सुरांचे लांब लांब पट्टे, एकमेकांत मिसळणारे, प्रत्येक पट्ट्याची लांबी वेगळी: १७ सेकंद, २३, २९, ३१, ३७. या संख्यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे बारा मिनिटांत तीच जुळणी पुन्हा येत नाही.

रात्री दोन वाजता ऐकलं. गोड वाटलं. फारच गोड. काहीतरी चुकलंय.

२२ जानेवारी

गाण्याच्या बाईंना दोन मिनिटांचा तुकडा पाठवला. बाई पन्नास वर्षं शिकवतायत, सिंथ बिंथ काही ऐकत नाहीत. संध्याकाळी फोन.

“भूप का घेतलास गं? बरा आहे, पण तू तर मारवा म्हणाली होतीस.”

मी कागदावर मांडून बघितलं आणि हसायलाच आलं. मारव्यातून सा काढा. उरले कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. आता धैवताला सा म्हणा. मग नी झाला रे, कोमल रे झाला ग, ग झाला प, तीव्र म झाला ध. सा रे ग प ध. चक्क भूप! खालून षड्ज सांगणारं कुणी नसलं की कान आपला षड्ज आपणच शोधतो, आणि त्याला धैवत सापडला. सात वर्षं गाणं शिकून हे मला कधी दिसलं नव्हतं. तेच सूर ठेवून दुसऱ्या सुराला सा मानणं म्हणजे मूर्च्छना. बाई म्हणाल्या, “मूर्च्छना शिकवली होती, तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस.”

२३ जानेवारी

ऑफिसला जाताना गाडीत, ऐरोली येईपर्यंत फक्त याचाच विचार. भूप काढायचा नाही. तेच पाच सूर, खाली सा आला की मारवा, सा गेला की भूप. वरचा एकही सूर हलवायला नको. म्हणजे गोष्टीचं बिजागर सापडलं: होडी पाण्यावर असते तोवर सा नाही. ६:१२ वर तळ चिखलाला टेकतो तेव्हा सा येतो.

सा म्हणजे घर, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. इथे सा म्हणजे अडकणं. बाईंना हे आवडणार नाही.

२६ जानेवारी

पहाटे साडेपाचला ऐरोलीच्या बाजूला, विजेच्या मनोऱ्यांजवळ. झेंडावंदनाचे स्पीकर सुरू व्हायच्या आत उरकायचं होतं. खरं तर पाखरांसाठी गेले होते, रोहित (फ्लेमिंगो) लांब होते आणि काहीच बोलले नाहीत. पण दवाने हवा ओली होती आणि तारा गात होत्या. वर कर्कर, आणि तिच्याखाली एकसुरी गुणगुण.

घरी येऊन आलेख काढला: सगळ्यांत उंच रेघ १०० हर्ट्झवर. आपली वीज ५० हर्ट्झची. एका आवर्तनात दाब दोनदा शिगेला पोचतो, दोन्ही वेळा तारेभोवतीची ओली हवा चरचरते, म्हणून गुणगुण दुप्पट, १०० ची.

पहिला तासभर हा आवाज गाळण्यात घालवला, १०० वर खाच, २०० वर खाच. मग थांबले. एवढा पक्का, कधी न हलणारा सूर मला कुठला सिंथ देणार होता? सा मिळाला. सगळा तुकडा १०० हर्ट्झच्या षड्जावर उतरवला.

दादा म्हणाला, “आजोबांच्या वेळी कुठे होते मनोरे?”
नव्हते. सिंथ तरी कुठे होता.

२८ जानेवारी

बारीक दुखणं. सा १०० म्हटलं की शुद्ध गणिताने मारव्याचा कोमल रिषभ वरच्या सप्तकात २१३.३ वर येतो. पण भूपात तोच सूर गंधार आहे, आणि १६६.७ च्या धैवतावरून मोजलेला गंधार २०८.३ वर हवा. पाच हर्ट्झचा फरक, ४१ सेंट, म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जरा कमी. एका जागी ठेवला तर एक राग खरा, दुसरा कण्हणारा. हार्मोनियमवाल्यांनी मधली जागा धरून हा प्रश्न कधीच मिटवलाय, पण माझ्याकडे सरकणारे सूर असताना मी का मिटवू?

५:१० ते ६:१२ या मिनिटभरात रिषभ २०८.३ वरून २१३.३ वर सरकवला. सरकताना कळत नाही. पण खालून सा हळूहळू येत असतो, वर गंधार असलेला सूर रिषभ होत असतो, आणि पोटात काहीतरी हलतं. या एका मिनिटासाठी बाकी अकरा करावे लागले तरी चालतील.

म्हणजे २३ तारखेला लिहिलेलं ‘एकही सूर हलवायला नको’ खोटं ठरलं. एक हलवावा लागला.

१ फेब्रुवारी, माघी गणपती

आजीला अर्धवट तुकडा ऐकवला. धुक्यासाठी मी भला मोठा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमवणारा परिणाम, लावला होता आणि वरचे स्वर कापून सगळं कापसात गुंडाळलं होतं. सगळे असंच करतात.

आजी: “हे कुठं आहे? देवळात?”
मी: “खाडीत. धुकं आहे.”
आजी: “धुक्यात आवाज असा नसतो बाय. धुक्यात कळव्याचं कुत्रं दारात भुंकल्यागत यायचं.”

बरोबर आहे तिचं. थंड, वारा नसलेल्या रात्री पाण्यालगतची हवा गार आणि वरची जरा उबदार असते. आवाज वर निसटायच्या ऐवजी खाली वळतो आणि लांबपर्यंत स्वच्छ पोचतो. आणि उघड्या खाडीत भिंती कुठे आहेत घुमायला? मी आखलं होतं ते देऊळच होतं. दिसत नाही म्हणून ऐकूही येत नसणार, हा डोळ्यांनी केलेला विचार.

रिव्हर्ब काढला. सगळा. नागडं वाटतंय. दोन दिवस तसंच ठेवून बघते.

३ फेब्रुवारी

रिव्हर्ब परत लावलेला नाही. आता वल्ह्याचा एक थेंबसुद्धा कानाजवळ पडतो आणि आपण कुठे आहोत ते कळत नाही. हेच हवं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

लोकलसाठी काठावर. रात्री नऊ ते अकरा. बाजूच्या गल्लीत हळद होती. एकूण एक रेकॉर्डिंगमध्ये पुलाची धडधड आणि तिच्यावर बेंजो. उद्या पहाटे परत.

९ फेब्रुवारी

पहाटे पावणेपाच. मिळाली. आधी रुळांची बारीक शीळ, मग पुलावर चढताच आवाजाचा पोत बदलतो, खाली पोकळी येते, आणि पलीकडे उतरला की तो एकदम बंद. ते चढणं आणि उतरणं, यावरूनच आजोबांना पूल कुठून कुठे आहे ते कळलं असणार. स्टीरिओत डावीकडून उजवीकडे नेमकं तसंच ठेवलं.

या आवाजावर काहीच प्रक्रिया करायची नाही असं ठरवलंय. फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ साली पॅरिसच्या रेल्वे यार्डातले आवाज तबकड्यांवर घेऊन रचना केली, आणि पुढे त्याला हवं होतं ते असं की ऐकणाऱ्याने आगगाडी विसरावी, नुसता आवाज ऐकावा. मला नेमकं उलटं हवंय. नऊ मिनिटं काहीही ओळखू येत नाही, आणि मग ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही झोपेत ओळखता येईल असा एक आवाज.

१० फेब्रुवारी

ऑफिसात डब्याच्या वेळी एक जण म्हणाला, हे सगळं परदेशी थेर आहे. त्याला सांगितलं, १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला होता आणि आपल्या लोकांनी त्यावर काम केलं. तो म्हणाला, बरं, पण भाजी काय आणलीस?

१६ फेब्रुवारी

परात. आजीची तीच, पितळेची, कडेला चेमटलेली. गच्चीवर लाकडी रवीने वाजवली.

आधी शहाणपणा केला: तिचा मुख्य सूर कुठल्याच स्वरावर बसेना म्हणून ओढून धैवतावर बसवला. परातीची जलतरंगाची वाटी झाली. परत मूळची ठेवली, बेसूर. त्या रात्री काठावर कुणी सुरात उभं नव्हतं.

मग तिच्या शेपटीचे, म्हणजे ठोक्यानंतर विरत जाणाऱ्या आवाजाचे, कण केले. आवाजाचे २० ते १०० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते विखरायचे. आवाज मुळात अशा बारीक कणांचा बनलेला मानता येतो, ही कल्पना डेनिस गाबोर या भौतिकशास्त्रज्ञाने १९४७ मध्येच मांडून ठेवली होती. ६० मिलिसेकंदांचे कण, वेळ थोडी हललेली. पितळेचं धुकं तयार झालं, कापसासारखं नाही, ओल्या धातूसारखं. हे ओहोटीच्या तळाशी, फार हळू, म्हणजे पुढे खरी परात वाजेल तेव्हा कानाला ती आधीच भेटलेली असेल.

२२ फेब्रुवारी

सगळा तुकडा आईला फोनवर पाठवला. उत्तर: “छान. प्रसन्न वाटलं. सकाळी लावायला बरं.”

प्रसन्न? रात्रभर माणूस चिखलात बसलाय!

कारण कळायला वेळ लागला नाही. फोनच्या स्पीकरला १०० हर्ट्झ झेपतच नाही. सा पोचलाच नाही. आईसाठी होडी रुतलीच नव्हती, बारा मिनिटं नुसता भूप.

२३ फेब्रुवारी

उपाय माहितीतला आहे. मूळ सूर ऐकू आला नाही तरी त्याचे वरचे अंश, २००, ३००, ४००, ५००, ऐकू आले तर कान खालचा १०० स्वतः भरून काढतो. म्हणून तारांच्या गुणगुणीवर थोडं सॅच्युरेशन चढवायचं, म्हणजे आवाज जरासा फाटू द्यायचा, अंश आपोआप उगवतात.

पण ३०० म्हणजे काय? पंचम. मारव्यात वर्ज्य! मागच्या दाराने आला. पाऊण तास त्याला दाबत बसले. मग वाटलं, तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतही तो असतोच, मारवा गाणाऱ्यांनी कुठे तार कापली? जरासा खाली ठेवून सोडून दिला.

आईला नवीन पाठवला. “मध्ये जरा उदास झालंय का गं?” झालं.

२ मार्च, रविवार

मिश्रण पूर्ण. लांबी नेमकी १२:२५. ९:१५ ला लोकल, १०:५० पासून परात, शेवटी काठाला होडी घासल्याचा एक आवाज आणि बंद. सा पाणी चढतं तसा हळूहळू विरतो, पूर्ण थांबतो ८:४० ला.

९ मार्च, रविवार

आजीला हेडफोन लावून पूर्ण ऐकवलं. डोळे मिटून बसली होती. लोकलला मान हलवली. परात सुरू झाली तसं एका हाताने हेडफोन बाजूला केला.

“असं नाय वाजवायचं.”
“मग कसं?”
“तू टणटण टणटण लावलंस. मी एकदा मारायची आणि थांबायची. तो वल्हं आपटायचा होडीच्या कडेला. ते ऐकायचं, मग परत मारायची. नायतर मला कळणार कसं, जवळ आला का लांब गेला?”

वल्ह्याची ही गोष्ट तिने शंभर वेळांत एकदाही सांगितली नव्हती. मी विचारलं, का नाही सांगितलीस? म्हणाली, तुम्ही कुठं विचारलं, परात कशी वाजवलीस म्हणून.

१० मार्च

परातीचे सोळा ठोके होते, त्यातले अकरा काढले. उरले पाच. प्रत्येकानंतर रिकामी जागा, आणि तिच्यात लाकडावर लाकूड, आधी जेमतेम, मग जवळ. लाकडाचा आवाज रवी आणि पाट, स्वयंपाकघरातच घेतला. रिकाम्या जागा कमी करून बघितल्या, ऐकणाऱ्याला धीर धरवणार नाही म्हणून. पण उत्तर यायच्या आत पुढचा ठोका पडला की काठावरचं माणूस ऐकतंय असं वाटत नाही. जागा होत्या तशा ठेवल्या.

आता लांबी १२:५१. भरतीचं सगळं गणित २६ सेकंदांनी चुकलंय. लोकल ९:१५ लाच आहे, तेवढी हलवलेली नाही. शिमग्याच्या आधी आजीला परत ऐकवायचं. फाइलचं नाव: खाडी_१४_आजी_बरोबर.